वाचकांचे प्रश्न : रोलप्लेइंगमधले पात्र खरे कसे वाटावे?

टेबलाभोवती चार-पाच जणांनी बसायचे, एकाने डीएम (डन्जन मास्टर) होऊन सारे जग चालवायचे, बाकीच्यांनी आपापले एकेक पात्र घ्यायचे आणि जिथे यशाची खात्री नसेल तिथे फासे टाकायचे, असा हा खेळ आहे. मागच्या अंकात ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’वर लिहिलेल्या टिपणानंतर जी पत्रे आली, त्यांपैकी बहुतेकांचा रोख नियमांवर नसून पात्रांवर आहे, याचे मला बरे वाटले, कारण नियम पुस्तकात सापडतात आणि पात्र सापडत नाही. त्यांतली सहा पत्रे, थोडी आटोपशीर करून, येथे घेतली आहेत.

प्रश्न : पहिल्यांदाच खेळायचे म्हणून मी माझ्या एल्फ तिरंदाजाची अकरा पानी पूर्वकथा लिहिली. तीत राजवाड्यातला कट आहे, जळालेले गाव आहे, हरवलेली बहीण आहे. पण खेळताना तो माझ्यासारखाच बोलतो आणि माझ्यासारखेच निर्णय घेतो. मित्र म्हणतात, हा टोकदार कानांचा तूच आहेस. कुठे चुकले? (एक वाचक, पुणे)

उत्तर : अकरा पाने लिहिण्यात गैर काही नाही, मात्र टेबलावरच्या इतरांनी ती वाचलेली नसतात आणि वाचली असली तरी खेळाच्या गडबडीत त्यांना ती आठवत नाहीत. शिवाय तुमच्या कटात, आगीत आणि बहिणीच्या हरवण्यात जे आहे ते सारे तुमच्या एल्फच्या वाट्याला आलेले आहे; त्याने स्वतः केलेले त्यात काहीच नाही. टेबलावर मात्र डीएम घटकेघटकेला एकच प्रश्न विचारतो, ‘आता तू काय करतोस?’ आणि त्याचे उत्तर पूर्वकथेत नसल्यामुळे तुम्ही ते स्वतःच्या स्वभावातून देता. जळत्या गावातून दोन भाऊ वाचले, असे समजा. एक पुढे आयुष्यभर झोपण्यापूर्वी चूल विझली की नाही हे तीन-तीनदा उठून पाहतो. दुसरा कुठेही मुक्कामाला गेला तरी बूट काढत नाही आणि गाठोड्याची गाठ सोडत नाही. आग तीच, पण ही दोन माणसे वेगळी आहेत हे शेजारी बसलेल्याला न सांगता कळते. तेव्हा अकरा पाने फाडू नका, पण त्यांतल्या प्रत्येक घटनेला विचारा, की हिच्यामुळे हा माणूस आज सकाळी काय वेगळे करतो. ज्या घटनेला उत्तर देता येत नाही, ती तुमच्यापाशीच राहू द्या.

या खेळाचा उगम पाहिला तरी हेच दिसते. १९६९च्या सुमारास अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यात डेव्हिड वेस्ली याने नेपोलियनच्या काळातील ‘ब्राउनस्टाइन’ नावाच्या एका काल्पनिक प्रशियन गावावर आधारलेला युद्धखेळ मांडला. त्यात सैन्याच्या सेनापतींबरोबरच काही खेळाडूंना गावातल्या माणसांच्या भूमिका दिल्या आणि प्रत्येकाला स्वतःचा वेगळा हेतू दिला. लढाई राहिली बाजूला, खेळाडू एकमेकांशी सौदे करण्यात आणि कट रचण्यात रंगून गेले. त्या मंडळींमधल्या डेव्ह आर्नेसनने पुढे गॅरी गायगॅक्सबरोबर १९७४मध्ये ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ आणले. म्हणजे तलवार आणि ड्रॅगन यायच्या आधीच माणसाला काहीतरी हवे असणे हे या खेळात आले होते.

मी स्वतः अर्ध्या पानाच्या वर काही लिहीत नाही. माझ्या एका जुन्या पात्राचे अर्धे पान सांगतो. बेर्गा ही ड्वॉर्फ (ठेंगू जमातीतली) बाई वीस वर्षे एका पुलावरच्या जकात नाक्यावर कारकून होती. हिशेबात तीनशे नाणी कमी आली आणि ती तिने खाल्ली नसताना तिला काढून टाकले. तिला हवे काय, तर ती तीनशे नाणी कुठे गेली हे शोधून काढायचे आहे. भीती कशाची, तर आपल्यावर पुन्हा कोणी बोट ठेवील याची. सवय एकच : पैसे दिले की ती पावती मागते. पहिल्याच सेशनमध्ये, म्हणजे खेळाच्या बैठकीत, खाणावळवाल्याने खोलीचे पाच चांदीचे मागितले, बेर्गाने ते एकेक करून फळीवर मांडले आणि हात पुढे केला. ‘काय?’ ‘पावती.’ आमच्या डीएमला त्या मध्ययुगीन खाणावळीत कागद, शाई आणि लिहिता येणारा माणूस असे तिन्ही शोधावे लागले. त्या संध्याकाळनंतर बेर्गा कोण आहे हे मला कोणालाच समजावून सांगावे लागले नाही.

प्रश्न : पात्राचे गुण ठरवायला आमचा डीएम जुन्या पद्धतीने तीन फासे टाकायला लावतो. माझ्या योद्ध्याच्या बुद्धीला ६ आले. मी त्याला मठ्ठ म्हणून खेळलो, तर सगळे त्याला विदूषक समजू लागले. (एक वाचक, नाशिक)

उत्तर : आधी त्या सहाचे वजन पाहू. तीन फाशांची बेरीज ३ ते १८ येते आणि सरासरी साडेदहा पडते. एकूण २१६ शक्यतांपैकी २० शक्यतांमध्ये बेरीज सहा किंवा त्याहून कमी येते. म्हणजे दर दहा-अकरा माणसांत एक तरी तुमच्या योद्ध्यासारखा असतो, आणि तुमच्या-माझ्या ओळखीत असे कितीतरी लोक संसार, शेती, दुकान उत्तम सांभाळताना दिसतात. सध्याच्या नियमांत सहा गुणांना उणे दोन मिळतात. वीस बाजूंच्या फाशावर याचा अर्थ एवढाच, की सर्वसाधारण माणसापेक्षा तो वीसपैकी दोन वेळा अधिक चुकतो. या दोन वेळांसाठी त्याला प्रत्येक वाक्यात अडखळायला लावणे हा त्याच्यावर अन्याय आहे.

‘मठ्ठ’ हे वर्णन फार ढोबळ आहे. त्याला नेमके काय जमत नाही ते ठरवा. वाचता येत नसेल आणि तो ते लपवत असेल, म्हणून नकाशा हातात आला की ‘तूच बघ, मला उन्हाने दिसत नाही’ असे म्हणत असेल. किंवा त्याला लांबचा विचार जमत नसेल, पण समोरचे हत्यार, घोडा, जखम यांबद्दल तो कधी चुकत नसेल. अशा माणसाला कोणी हसत नाही. उलट तो नकाशा पुढे सरकवतो तेव्हा शेजारचा खेळाडू न बोलता तो वाचून दाखवतो, आणि तेथून दोन पात्रांची मैत्री सुरू होते. याच्या उलट अडचण एका वाचिकेने कळवली आहे : पात्राचा करिष्मा १८ आणि स्वतः मात्र अबोल. त्यांनी भाषण करण्याच्या भानगडीत पडू नये. ‘ती सरदाराला त्याच्या वडिलांची आठवण करून देते आणि मग गप्प बसते,’ एवढे सांगून फासा टाकावा. तलवार चालवणाऱ्याकडून कोणी खरी तलवार चालवून घेत नाही.

प्रश्न : आमच्या गटातला चोर सोबत्यांच्याच थैल्या कापतो. बोलले की तो म्हणतो, ‘माझे पात्र असेच वागले असते.’ दोघांनी येणे बंद केले आहे. (एक वाचिका, ठाणे)

उत्तर : हे वाक्य मी इतक्या टेबलांवर ऐकले आहे, की ते नियमपुस्तकात छापलेले आहे अशी एखाद्याची समजूत व्हावी. बहुधा ते ‘केऑटिक न्यूट्रल’ (अनागोंदीकडे कल, पण ना चांगला ना दुष्ट) या शिक्क्याआडून येते. १९७४च्या नियमांत कायदा, तटस्थता आणि अनागोंदी असे तीनच पक्ष होते; १९७८च्या खेळाडूंच्या पुस्तकात त्यांना चांगुलपणा आणि दुष्टपणा यांची जोड मिळून नऊ घरांचा चौकोन तयार झाला. तो पात्राचा कल सांगण्यासाठी आहे, पण कित्येकांना तो वागणुकीचा परवाना वाटतो.

तुमच्या चोराला मी एकच गोष्ट विचारीन : या स्वभावाची किंमत कोण मोजते? तो थैली कापतो तेव्हा नाणी त्याला मिळतात आणि नुकसान शेजाऱ्याचे होते. याला स्वभावाशी इमान राखणे म्हणता येत नाही. ही सोय झाली. ज्यांनी स्वभावालाच नियमांत बसवले त्यांनी हे नेमके ओळखले होते. ग्रेग स्टॅफर्डच्या १९८५च्या ‘पेंड्रॅगन’ या खेळामध्ये आर्थर राजाच्या सरदारांच्या स्वभावाच्या तेरा जोड्या आहेत, जसे शूर आणि भ्याड, दयाळू आणि क्रूर, प्रत्येक जोडीची बेरीज वीस. प्रसंग बाका आला की वीस बाजूंचा फासा टाकावा लागतो, आणि ज्याचे शौर्य सोळा आहे अशा सरदाराला, खेळाडूला पळून जाणे शहाणपणाचे वाटत असूनही, बहुतेक वेळा उभे राहावे लागते. ‘गर्प्स’ या १९८६च्या पद्धतीत उणीव पत्करली तर तिच्या बदल्यात पात्र घडवण्यासाठी जादा गुण मिळतात. ‘फेट’ या खेळात पात्राच्या स्वभावाने पात्रालाच गोत्यात आणले तर खेळाडूच्या हाती एक फेट पॉइंट पडतो. तिन्ही ठिकाणी स्वभाव आधी स्वतःच्या मालकाला महागात पडतो.

आता उपाय. चोराला चोरी सोडायला सांगू नका, कारण मग तो पुढच्या वेळी पुजारी होऊन प्रवचने देईल आणि ते अधिक वाईट. त्याला विचारा, की हा माणूस या चौघांबरोबर का राहतो. जगात इतक्या थैल्या असताना ज्यांच्या पहाऱ्यात रात्री झोपायचे त्यांच्याच थैल्या कापणारा चोर आठवडाभरही जगला नसता, तेव्हा कारण असलेच पाहिजे. कोणी त्याचा जीव वाचवलेला असेल, कोणावर त्याची गुपचूप श्रद्धा असेल. मग त्याचा हात थैलीकडे जाऊ द्या, तो थांबू द्या, आणि हे त्याने मोठ्याने सांगू द्या. हा क्षण चोरीपेक्षा जास्त रंगतो. पात्र त्याने स्वतः लिहिलेले आहे. ‘असेच वागले असते’ याच्या शेजारी आणखी दोन तऱ्हेने वागणे त्याला नेहमीच शक्य असते आणि त्यांतले कोणते निवडायचे हे पात्र ठरवत नाही, तो ठरवतो. आणि ज्या दोघांनी येणे बंद केले त्यांच्याशी पात्राच्या तोंडून बोलू नये. चहा घेऊन, आपल्या नावाने बोलावे.

प्रश्न : मी पुरुष आहे आणि एक वयस्क जादूगारीण खेळतो. आम्ही मराठीत खेळतो. ‘मी दार उघडते’ म्हटले की मित्र हसतात; ‘मी दार उघडतो’ म्हटले की पात्र मोडते. इंग्रजीत खेळावे का? (एक वाचक, डोंबिवली)

उत्तर : मुळीच नको. इंग्रजीतले क्रियापद बोलणारा बाई आहे की बुवा हे सांगत नाही. मराठीतले वर्तमानकाळी क्रियापद पहिल्याच वाक्याला ते उघड करते. तुम्हाला ही अडचण वाटते, मला ही नियमपुस्तकांच्या लेखकांना न मिळालेली देणगी वाटते. ‘उघडते’ म्हणताना तुम्ही प्रत्येक वाक्यात पात्रात शिरता. चुकून ‘उघडतो’ निघाले तर स्वतःलाच ते खटकते आणि तुम्ही परत जागेवर येता. हसणे फार तर दोन सेशन टिकते. ज्या भाषेच्या रंगभूमीवर बालगंधर्वांच्या स्त्री-भूमिका प्रेक्षकांनी डोक्यावर घेतल्या, तिच्यात ‘उघडते’ला किती दिवस हसणार? तरी अवघड वाटत असेल तर कृती तृतीय पुरुषात सांगा, ‘ती दार उघडते,’ आणि फक्त संवाद प्रथम पुरुषात ठेवा. (कोल्हापूरकडचे वाचक म्हणतील, की आमच्याकडे बायकासुद्धा ‘मी आलो, मी जातो’ म्हणतात. खरे आहे. तुमची जादूगारीण पंचगंगेच्या काठची निघाली तर प्रश्नच मिटला.)

मराठीचा दुसरा फायदा तू, तुम्ही आणि आपण यांचा. पात्र कोणाला अरे-तुरे करते आणि कोणाला अहो-जाहो, हे पहिल्याच दिवशी ठरवून टाका. तुमची म्हातारी राजपुत्रालाही ‘अरे बाळा’ म्हणते, असे धरू. सात-आठ सेशननंतर, त्याने तिच्याशी खोटे बोलल्यावर, ती एवढेच म्हणाली, की ‘तुम्हाला योग्य वाटेल ते करा’, तर त्या ‘तुम्हाला’ने टेबलावर जे होते ते एखाद्या लांबलचक भांडणाने होणार नाही. मात्र हे तेव्हाच साधते, जेव्हा आधीची सात सेशन ‘अरे’ न चुकता आलेले असते. सातत्याचा खरा उपयोग हाच, की मोडले की ऐकू येते.

एका बाबतीत मात्र सावध करतो. नोकर, पहारेकरी, भोळा शेतकरी आला की त्याच्या तोंडी ओढूनताणून गावरान बोली घालायची आणि सरदाराने प्रमाण मराठीत बोलायचे, ही जुन्या नाटकांची खोड टेबलावर आणू नका. बोली तुमची असेल तर बेलाशक वापरा, आणि मग सरदारालाही द्या. ‘फायरबॉल’ला ‘अग्निगोलक’ करण्याचीही गरज नाही. ‘फायरबॉल टाकते’ हे चांगले मराठी वाक्य आहे.

प्रश्न : आम्हाला महिन्यातून एकदाच जमते. पुढच्या वेळी पात्राचा आवाज आणि ढब दोन्ही विसरलेले असते. (एक वाचक, बंगळूर)

उत्तर : आवाज सोडून द्या. घोगरा आवाज चार तास काढणे घशाला परवडत नाही आणि तिसऱ्या तासाला तो आपोआप तुमचाच होतो. त्याऐवजी हाताची एक लकब, वारंवार येणारा एक शब्द, आणि पात्र ज्याविषयी कधीच बोलत नाही असा एक विषय, एवढे पोस्टकार्डाएवढ्या कागदावर लिहून फाशांच्या डबीत ठेवा. सेशन संपले की उठण्यापूर्वी त्याच कागदामागे दोन ओळी टाका : आज याने कोणाला काय वचन दिले, आणि कोणावर याचा राग राहिला. महिन्याभराने नेमके हेच विसरलेले असते. कोणत्या गुहेत किती सोने सापडले हे डीएमने लिहिलेले असतेच.

प्रश्न : दीड वर्षाच्या कॅम्पेनमध्ये (सलग चालणाऱ्या कथेत) माझा भित्रा पुजारी आता बिनदिक्कत माणसे मारतो. हा विकास म्हणायचा की विसंगती? (एक वाचिका, न्यू जर्सी)

उत्तर : तुम्हाला तो कधी बदलला ते सांगता येते का, यावर ते अवलंबून आहे. पहिल्या लेव्हलला उंदराला घाबरणारा पुजारी नवव्या लेव्हलला कशालाच घाबरत नाही, कारण मधल्या काळात त्याचे आकडे वाढले, एवढेच असेल तर पात्र बदलले नाही. तुम्ही त्याची भीती कुठेतरी ठेवून विसरलात. काही खेळांनी ही वाट डोळ्यांपुढे ठेवली आहे. १९८१च्या ‘कॉल ऑफ कथुल्हू’मध्ये पात्राच्या मनःस्वास्थ्याचाच आकडा असतो आणि भयंकर काही पाहिले की तो घसरतो; आज माणूस आठवड्यापूर्वीचा राहिलेला नाही हे कागदावरच दिसते. तुमच्या खेळात तसा आकडा नसेल तर त्याचे काम तुम्हालाच करावे लागेल. मागे जाऊन त्याने मारलेला पहिला माणूस आठवा. तेव्हा तो प्रसंग घाईत गेला असेल, म्हणून आता पुढच्या मुक्कामात, शेकोटीपाशी, त्या माणसाविषयी सोबत्यांपैकी कोणालातरी तुमच्या पुजाऱ्याला विचारू द्या. त्याला चेहरा आठवतो की नाही, यातून तुम्हाला बरेच कळेल. आणि जुनी भीती पूर्ण घालवू नका. माणसे मारणारा पुजारी अजूनही अंधाऱ्या जिन्यात हात धरायला कोणीतरी शोधतो, हे चालते. किंबहुना त्यामुळेच तो तोच पुजारी असल्याची खात्री पटते.

वरच्या बेर्गाच्या बाबतीत हे कसे झाले ते सांगतो. आमचे कॅम्पेन दोन वर्षांच्या पुढे गेले तरी तीनशे नाण्यांचा शोध लागला नव्हता, आणि पावत्यांची चळत तिच्या पिशवीत एवढी झाली होती, की डीएमने तिचे वजन सामानाच्या यादीत धरायला सुरुवात केली. दलदलीतून जखमी सोबत्याला पलीकडे न्यायचे होते. रात्र होती आणि नावाडी एकटाच होता. त्याने भाव सांगायच्या आधीच बेर्गाने अख्खी थैली नावेत टाकली. ‘मोजायचे नाही का?’ असे डीएमने नावाड्याच्या तोंडून विचारले. मी म्हटले, ‘ती वल्हे हातात घेते.’ नाव पलीकडे लागली, सोबती वाचला, आणि आम्ही सामान आवरू लागलो तेव्हा डीएमने वहीतून मान वर न करता विचारले, ‘पावती लिहू का?’

‘राहू द्या,’ मी म्हटले. बेर्गा तोपर्यंत त्याला ‘अरे नावाड्या’ म्हणत आली होती.